नळाच्या कडेने येणारं पाणी : खानापूर पट्ट्यातल्या एका गावतलावाचं प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पश्चिमेचं जंगल विरळ होऊन भातशेती सुरू होते, त्या पट्ट्यातला हा पिण्याच्या पाण्याचा मातीचा तलाव. गावाचं नाव दिलेलं नाही, कारण हे एका गावाचं दुखणं नाही. या भागातल्या अशा तलावांची मापं आणि लक्षणं एकत्र करून एक नमुना प्रकरण मांडलं आहे. आकडे नमुन्याचे असले तरी हिशेब आपापल्या तलावाला लावून पाहता येतो.

बांधाची उंची ८.५ मीटर, लांबी २१० मीटर, माथ्याची रुंदी ३ मीटर. पाण्याकडचा उतार अडीचास एक (आडवं अडीच, उभं एक), बाहेरचा दोनास एक, म्हणजे तळाशी बांध ४१ मीटर रुंद. पाणलोट १.८ चौरस किलोमीटर. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेच्या पातळीला पाणी ७ मीटर खोल आणि ४ हेक्टरवर पसरलेलं. साठा साधारण १ लाख १० हजार घनमीटर, म्हणजे ११ कोटी लिटर. बांधाच्या पोटातून २०० मिलिमीटरचा जुना बिडाचा नळ बाहेरच्या जॅकवेलमध्ये (पंपाच्या विहिरीत) येतो. त्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या टोकाला आहे. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण अर्धं प्रकरण तिच्यात आहे. सांडवा डाव्या टेकाडाच्या खिंडीत मुरमात कोरलेला, ९ मीटर रुंद. खाली ९०० मीटरवर ओढ्याकाठी वस्ती.

राकसकोप किंवा हिडकलसारख्या धरणांवर अभियंते असतात, नोंदवह्या असतात. इथे असतो एक वॉटरमन. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. १० ते १५ मीटरच्या धरणांना लांबी, साठा, पूर वगैरे अटी बसल्या तरच लागतो. साडेआठ मीटरचा बांध त्यात येतच नाही. त्यामुळे कायद्याने ठरवून दिलेली तपासणी या तलावाच्या वाट्याला येत नाही. पंचायतीला स्वतःहून करावी लागते.

काय दिसलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तरण्या पावसाची झड लागलेली असताना, बाहेरच्या पायथ्याशी नळाच्या उजव्या अंगाला दीड मीटरवर पाणी वाहताना दिसलं. पावसाळ्यात पायथा ओला असणं नवीन नाही. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच आणि स्वच्छ, एकसारखा पाझर चालतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या.

पहिली, पाणी जिथून उकळी फुटल्यासारखं वर येत होतं तिथे बारीक मातीचं वाटीएवढं कडं तयार झालं होतं, वारुळाच्या तोंडाशी असतं तसं. ते पायाने मोडलं की तासाभरात पुन्हा उभं राहत होतं. म्हणजे पाणी एकटं येत नव्हतं, बांधाच्या आतली माती घेऊन येत होतं. ते पाणी काचेच्या बाटलीत तासभर ठेवल्यावर तळाला पिवळसर गाळाचा थर बसला. लिटरमागे १ ग्रॅम माती ही नजरेला किरकोळ वाटणारी गढुळी. पण सेकंदाला १ लिटर गळती धरली तर दिवसाला ८६ किलो माती जाते. महिन्याला अडीच टनांवर, म्हणजे बांधाच्या पोटात दीड घनमीटरची पोकळी. ती वरून दिसत नाही. वरचा भाग कमानीसारखा तोलून असतो आणि एक दिवस माथ्याला खड्डा पडतो.

दुसरी गोष्ट वॉटरमनच्या बोलण्यातून निघाली: पहाटे गळती जास्त असते, दुपारी कमी. गावाने रात्रीच्या पावसाला दोष दिला. पण पाऊस नसलेल्या रात्रीही तेच होत होतं. रात्री जॅकवेल भरली की व्हॉल्व्ह बंद होतो आणि सकाळी पंप सुरू झाला की उघडतो. व्हॉल्व्ह बाहेरच्या टोकाला असल्यामुळे तो बंद असताना ७ मीटर पाण्याचा पूर्ण दाब बांधाखालच्या सगळ्या नळात बसतो. सांधा निखळलेला असेल तर पाणी नळातून बांधात घुसतं. व्हॉल्व्ह उघडा असताना पाणी वाहतं, दाब उतरतो, गळती कमी होते.

ही तपासणी फुकटात होते. गळतीखाली १५ लिटरची बादली धरायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. व्हॉल्व्ह बंद असताना बादली १२ सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला सव्वा लिटर. पूर्ण उघडून दोन तासांनी २० सेकंद लागले, म्हणजे पाऊण लिटर. फरक पडला यावरून सांधा गळतो हे नक्की. पण व्हॉल्व्ह उघडूनही पाऊण लिटर उरलं. ते पाणी नळाच्या बाहेरून, नळ आणि माती यांच्यामधल्या फटीतून तलावातून थेट येत होतं. दोन दुखणी एकाच जागी होती.

गोल नळाच्या कुशीखाली माती नीट ठोकता येत नाही. बांध घालताना तिथे जे ढिलं राहतं ते कायमचं ढिलं राहतं. त्यात या पट्ट्यात जांभ्याखाली निघणारी पांढरट, हाताला पिठासारखी लागणारी माती भरावात गेली असेल तर ती पाण्याबरोबर पटकन वाहून जाते. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हा माथा खचला तो पाणी सोडायच्या नळाच्या वरच. तिथला नळ लोखंडी सळ्यांशिवाय बांधलेला होता. आकार कितीही लहान असो, मातीच्या बांधाचा हा कच्चा सांधा सगळीकडे तोच.

या तलावाला आणखी एक कारण होतं. उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी शेतात टाकायला गाळ उपसला होता. गाळ काढणं चांगलंच, पण जेसीबी बांधाला अगदी खेटून चालला होता. आतल्या पायथ्याशी वर्षानुवर्षं साचलेला चिकट गाळ हा बांधाचं अस्तर असतो. तो खरवडला की खालचा मुरूम उघडा पडतो आणि पाणी बांधाखालून वाट काढतं. आतल्या पायथ्यापासून किमान १५ मीटर अंतर सोडूनच गाळ काढायचा, हा नियम उपशाच्या परवानगीच्या कागदावर लिहून घ्यावा. तोंडी सांगितलेलं जेसीबीच्या चालकापर्यंत पोचत नाही.

सांडव्यावरची पोती

सगळं गाव गळती पाहायला जमलं असताना खरा धोका बांधाच्या दुसऱ्या टोकाला होता. सांडव्याच्या तोंडावर वाळूची पोती रचून उंबरा अर्धा मीटर वाढवला होता. यामागे अडाणीपणा नाही, गरज आहे. अर्धा मीटर जास्त पाणी म्हणजे ४ हेक्टरवर २० हजार घनमीटर, २ कोटी लिटर. माणशी ५५ लिटरने अडीच हजार वस्तीच्या गावाला दिवसाला १ लाख ३७ हजार लिटर लागतात. म्हणजे कागदावर १४५ दिवसांचं पाणी. बाष्पीभवन वजा केलं तरी एप्रिल-मे निभावतो. ज्याने टँकरची रांग पाहिली आहे तो पोती लावणारच.

आता दुसरी बाजू. सांडव्यावरून जाणारं पाणी काढायचं सोपं सूत्र: १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या जाडीचा दीड घात. मूळ रचनेत उंबऱ्यावर ०.९ मीटर पाणी चढेल असं धरलं होतं: १.७ × ९ × ०.८५ (०.९ चा दीड घात), म्हणजे सेकंदाला १३ घनमीटर. पाणलोटावर तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस पडला आणि निम्मा वाहून आला, तर येणारा पूर १२.५ घनमीटर. जेमतेम बसतं. पोती लावली की त्याच पूरपातळीला सांडव्यावर ०.९ ऐवजी ०.४ मीटर पाणी उरतं आणि विसर्ग ३.९ वर येतो. तीस टक्के. पाण्याची जाडी निम्म्याहून कमी झाली तर विसर्ग तिसऱ्या हिश्श्याहून खाली जातो, हे दीड घाताचं गणित अंदाजाने कळत नाही, म्हणून ते करून दाखवावं लागतं.

त्यात बांधाचा माथा मधोमध २५ सेंटिमीटर खचलेला. गुरं आणि ट्रॅक्टर त्याच वाटेने जातात. मूळ उंबऱ्यापासून माथा दीड मीटर वर असायला हवा होता, तो सव्वा मीटरच उरला. पोत्यांच्या वर पाऊण मीटर. तेवढं पाणी चढलं तरी सांडवा १० घनमीटरच सोडेल आणि येणार साडेबारा. तलाव पोत्यांपर्यंत भरलेला असताना तो पाऊस तास-सव्वा तास टिकला, तर पाणी माथ्यावरून बाहेर पडेल, तेही सगळ्यात खचलेल्या जागेवरून. मातीचा बांध माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. बाहेरचा उतार पायथ्याकडून खाऊन वर येतो. मच्छू धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच वरून पाणी जाऊन वाहून गेलं आणि मोरबी शहर बुडालं.

सांडव्यात मासे धरायला बांधलेली जाळी हाही तोच प्रकार. जाळीत पालापाचोळा अडकला की रात्रीत तिची भिंत होते.

फुटलाच तर किती पाणी येईल? एवढ्या साठ्याच्या आणि उंचीच्या मातीच्या बांधासाठी अनुभवसिद्ध सूत्र सेकंदाला २०० घनमीटरच्या आसपासचा लोंढा देतं. सांडव्याच्या पुराच्या पंधरापट. सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने तो वस्तीपर्यंत सहा-सात मिनिटांत पोचतो. माणसं हलवायची तर बांध फुटण्याआधी हलवावी लागतात.

पहिले दोन दिवस

गावाने आधी जे केलं ते सगळीकडे करतात तेच: गळतीच्या तोंडावर चिकणमाती आणि सिमेंटची पोती टाकून वरून दगड. गळती थांबली. पाच तासांनी दोन मीटर अलीकडे, बांधाच्या उतारावर थोडी वर फुटली. बाहेरून बूच मारलं की आतलं पाणी थांबत नाही, नुसतं कोंडतं. बांध आतून फुगत जातो आणि पाणी नवी, बहुधा जास्त वाईट वाट शोधतं. बाहेरच्या बाजूला पाणी अडवायचं नसतं, माती अडवायची असते.

त्यासाठी उलटी गाळणी. टाकलेली माती आणि पोती काढून गळतीच्या तोंडाभोवती दीड-दोन मीटरपर्यंत ३० सेंटिमीटर जाड स्वच्छ जाड वाळू. त्यावर २० सेंटिमीटर बारीक खडी, ६ ते १२ मिलिमीटरची. त्यावर २० सेंटिमीटर मोठी खडी आणि सगळ्यात वर वजनाला दगड. आता नदीची वाळू सहज मिळत नाही. एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण आधी धुऊन. क्रशरची भुकटी राहिली तर गाळणी चोंदते आणि पुन्हा बूच मारल्यासारखंच होतं. पाण्याचा जोर जास्त असेल तर वाळू वाहून जाते. अशा वेळी आधी थोडी जाड खडी टाकून जोर मोडायचा, मग वाळूपासून थर सुरू करायचे. वरून स्वच्छ पाणी वाहायला लागलं की गाळणी बसली. गळती चालूच राहील, आणि ती चालू राहायलाच हवी.

त्याच वेळी सांडव्यावरची पोती काढायची. एकदम नाही. अर्धा मीटर पाण्याचा लोंढा खालच्या ओढ्यात सोडला तर तिथली भातखाचरं जातील. वरचा एकेक थर, दोन-तीन तासांच्या अंतराने, खालच्या वस्तीला आधी सांगून. काढणारा माणूस कमरेला दोर बांधून, कडेकडून.

मग पातळी उतरवणं. नळ पूर्ण उघडला तर सेकंदाला सव्वाशे लिटरच्या आसपास जातात. पावसाची उघडीप असेल तर ओढ्याचं शंभरेक लिटर येतं. नुसत्या नळाने तलाव जागचा हलत नाही. दिवसभरात ३० मिलिमीटर पाऊस झाला की येवा ३५०–४०० लिटरवर जातो आणि पातळी उलट चढते. म्हणून माथ्यावरून १५० मिलिमीटरच्या एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपचे दोन सायफन लावले. एका सायफनला सेकंदाला ६० लिटर. डिझेल लागत नाही, फक्त दोन्ही टोकं बंद करून पाइप पाण्याने पूर्ण भरून घ्यावा लागतो. बाहेरचं टोक पायथ्यापासून निदान १० मीटर पुढे, दगडांवर सोडायचं. पायथ्याशी सोडलं तर आपणच बांध उकरतो. उघडीप मिळाली तसं दिवसाला ३० सेंटिमीटर पाणी उतरलं. हाच वेग ठीक. याहून फार घाईने उतरवलं तर आतला भिजलेला उतार घसरतो, कारण त्याला टेकण देणारं पाणी निघून गेलेलं असतं. माथ्याला खड्डा पडलाय किंवा तलावात भोवरा दिसतोय, अशा वेळी मात्र हा हिशेब सोडायचा आणि आधी वस्ती हलवायची.

पातळी सांडव्याखाली अडीच मीटर गेल्यावर गढूळपणा थांबला. उरलेला पावसाळा तिथेच धरायचं ठरलं. त्यासाठी सायफन कायम ठेवले आणि झडीच्या रात्री दोघांचा पहारा. पहाऱ्याला लागतं ते एवढंच: बॅटरी, बादली, वही, पाण्यात रोवलेली रंगवलेली पट्टी आणि देवळाच्या भोंग्याची किल्ली. बांधावर एकट्याने जायचं नाही. धोक्याचा फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत लावला. सरकारी फलक कन्नडमध्ये येतो आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना मराठीच वाचता येतं. त्यावर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), तहसीलदार कार्यालय आणि ११२, एवढेच नंबर.

खेकडे, झाडं, वारुळं

तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटल्यावर खेकड्यांना दोष दिला गेला आणि महाराष्ट्रभर चेष्टा झाली. खेकडे बांध पोखरतात हे खोटं नाही. पण तिथे गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही; पाहूनही तसंच ठेवलेलं बीळ फोडतं.

या बांधावर खेकड्यांपेक्षा झाडं जास्त त्रासाची. बाहेरच्या उतारावर अकेशिया आणि घाणेरी माजलेली. घाणेरी लगेच कापावी, नाहीतर उतार दिसतच नाही. मनगटाहून जाड झाड पावसाळ्यात तोडू नये. मूळ कुजून नळीसारखी पोकळी होते आणि ती भरायला कोरडे दिवस लागतात. उन्हाळ्यात तोडून, मुळासकट खणून, थराथराने ठोकून भरावं. माथ्याजवळ वारूळ होतं. पंचमीला तिथे दूध वाहतात, त्यामुळे हात लावायला कोणी तयार नव्हतं. वाळवीच्या वाटा बांधात खोलवर जातात, तेव्हा ते काढावं लागणारच. पंचमी झाल्यावर, पूजा दुसऱ्या जागी नेऊन, हिवाळ्यात खणायचं ठरलं. कीटकनाशक ओतायचं नाही. पलीकडे पिण्याचं पाणी आहे.

उन्हाळ्यातलं काम

स्वस्त पर्याय असा: जुन्या नळात १६० मिलिमीटरचा एचडीपीई पाइप सरकवून मधली फट सिमेंटच्या घोळाने भरणं. सांधा गळत असेल तर याने थांबतो. पण नळाच्या बाहेरची पोकळी तशीच राहते, आणि इथे पाऊण लिटर तिथूनच येत होतं. दाबाने सिमेंट मारून ती भरण्याचा मोह होतो. सिमेंट कडक होतं, माती बसते, पुन्हा फट पडते. दाब जास्त झाला तर बांधच चिरतो. म्हणून इथे बांध उघडणं हाच इलाज धरला.

फेब्रुवारीच्या शेवटी सुरुवात, १५ मेच्या आत पूर्ण. वळवाचे दिवस मधे येतात, त्यामुळे ताडपत्री आणि उपसा पंप कामावर हवाच. नळाच्या रेषेत तळाला २ मीटर रुंद आणि बाजूंना एकास एक उतार देत चर खणला तर साधारण १,५०० घनमीटर माती निघते. बाजू उभ्या ठेवून माती वाचवणं म्हणजे मजूर गाडणं, आणि नव्या-जुन्या मातीचा सांधाही उभा राहतो. तेवढे दिवस गावाला १२ हजार लिटरचे रोज बारा टँकर, नाहीतर तळातल्या पाण्यावर तरंगता पंप. आराखडा जिल्हा पंचायतीच्या अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय फावडं लावायचं नाही.

नवा नळ लोखंडी, सळ्यांच्या काँक्रीटमध्ये पूर्ण गुंडाळलेला. काँक्रीटच्या बाजू उभ्या न ठेवता आठास एक (उभं आठ, आडवं एक) अशा किंचित तिरप्या, म्हणजे वरची माती बसताना काँक्रीटला आणखी घट्ट बिलगते. व्हॉल्व्ह आता पाण्याकडच्या टोकाला. नळ बंद असताना बांधाखाली दाबच राहणार नाही. जुन्या पद्धतीत नळाला काँक्रीटच्या कॉलर घालायचे. त्यांच्या कोपऱ्यांत माती ठोकता येत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. त्याऐवजी बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात नळाभोवती १ मीटर जाड स्वच्छ वाळूचा पडदा, आणि त्यातून पायथ्याला निचरा.

भरावाला लाल चिकट माती. काळी माती पाणी अडवते, पण उन्हाळ्यात भेगाळते. ती वापरलीच तर आत, वरून मुरमाचं कवच घालून. थर ठोकल्यावर १५ सेंटिमीटरचा, नळाजवळ १० चा आणि तिथे रोलर नको, हातधुमस किंवा प्लेट. ओल पाहायची सोपी रीत: मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून टाकायचा. दोन-तीन तुकडे झाले तर ठीक. भुगा झाला तर कोरडी, चपटी झाली तर ओली. प्रयोगशाळेत प्रॉक्टर चाचणीत त्या मातीची जी जास्तीत जास्त घनता येते तिच्या ९५ टक्के घनता मिळाली पाहिजे आणि दर तीन थरांना एक नमुना. ठेकेदार नेमका हाच खर्च वाचवतो.

माथा मधोमध ३० सेंटिमीटर चढवून पुन्हा दीड मीटरवर आणला. पाच सेंटिमीटर बसण्यासाठी सोडले. ट्रॅक्टरची वाट बंद. सांडव्याच्या उंबऱ्यावर काँक्रीटची पट्टी घालून मूळ पातळी पक्की केली आणि तिच्या कडेला दगडावर रंगाने खूण. उन्हाळ्याच्या त्या २ कोटी लिटरांसाठी पाण्याकडच्या पायथ्यापासून लांब, तलावाच्या शेपटाकडे २० हजार घनमीटर गाळ काढायचा. ४ घनमीटरच्या टिपरने ५ हजार फेऱ्या. एका हंगामात होत नाही, तीन हंगामांत होतं.

दुरुस्तीनंतर तलाव पहिल्यांदा भरायचा तो टप्प्याने. पाणी ४ मीटरला थांबवून आठवडाभर वाचन, मग साडेपाचला, मग सांडव्यापर्यंत. पावसाने मधेच चढवलं तर सायफन तयार असावेत. प्रत्येक टप्प्याला तीन नोंदी: पट्टीवरची पातळी, वाळूच्या पडद्याच्या निचऱ्याची बादली किती सेकंदांत भरली, आणि बाटलीतलं पाणी स्वच्छ की गढूळ. निचऱ्यातून पाणी येणारच. ते त्याच पातळीला मागच्या वाचनाच्या दीडपट झालं किंवा बाटलीच्या तळाला गाळ बसला, तर पाणी एक मीटर उतरवायचं आणि अभियंत्याला बोलवायचं.